गुरूचे चंद्र मोजायला घेतलेली १२७ एमएमची मॅक्सुटोव्ह, पाच महिने वापरून

आधीच सांगून ठेवतो, शनीची कडी बघितली आणि डोळ्यात पाणी आलं, असला हा रिव्ह्यू नाही. तसले ढिगाने पडलेत, ते वाचा, चांगले असतात. मी ही दुर्बीण घेतली मोजायला. कुठला चंद्र गुरूपासून किती लांब, किती वाजता, आणि गणिताने सांगितलेल्या जागेपासून माझं माप किती चुकतंय, एवढंच बघायला. आता हे कुणी मुद्दाम पैसे घालून का करेल ते विचारू नका, बायकोने विचारून झालंय.

मी गोव्यातल्या डिचोलीचा, धंदा जमीन मोजणीचा. दिवसभर टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर मोजायचं मशीन घेऊन कुणाच्या तरी काजूच्या बागेत उभा असतो, एका बाजूला एक भाऊ, दुसऱ्या बाजूला दुसरा भाऊ, दोघांच्या हातात वन-फोर्टीनचा उतारा, म्हणजे आमचा सातबारा, आणि मेर, म्हणजे हद्द, नेमकी कुठून जाते यावरून पंचवीस वर्षांचं वैर. आमच्या धंद्यात 'सेकंद' म्हणजे घड्याळातला नव्हे, कोनाचा, एका अंशाचे छत्तीसशे भाग केले की त्यातला एक. पाच सेकंदाचं मशीन, दोन सेकंदाचं मशीन, असंच बोलतो आम्ही. त्यामुळे कुठेतरी वाचलं की गुरूचे चंद्र जमिनीवरच्या दुर्बिणीतून सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत मोजतात, पंचांगवाले विकला म्हणतात त्याच ह्या, तर डोक्यात किडाच शिरला. माझ्या साडेतीन लाखांच्या मशीनला जमत नाही ते आकाशात कसं जमतं?

तर सामान काय काय. १२७ मिलिमीटरची मॅक्सुटोव्ह, म्हणजे पुढे जाड वाकडी काच, मागे आरसा, अशी आखूड जाडजूड नळी, फोकल लेंग्थ कागदावर १५०० मिलिमीटर. एका हाताचा मोटरवाला माउंट, म्हणजे दुर्बीण धरून फिरवणारा भाग, ट्रायपॉड, डोळा लावायचे दोन आयपीस. सगळं सेकंडहँड, पुण्याच्या एका काकांकडून नोव्हेंबरात, ४२ हजार. रात्रीच्या बसने आली, मांडीवर घेऊन आलो म्हणा ना. वर नवीन प्लॅनेटरी कॅमेरा, २.९ मायक्रॉनचे पिक्सेल, १९३६ बाय १०९६, बावीस हजार. कॅमेरा ज्या ऑनलाइन दुकानातून घेतला त्याचं नाव लिहीत नाही कारण ॲडाप्टरवरून आमचं अजून चालू आहे, ते पुढे येईल.

बघायला दुर्बीण कशी आहे ते दोन वाक्यात. मस्त आहे. गुरूचे पट्टे, लाल ठिपका हवा चांगली असली तर, चंद्रावरचे खड्डे, जोडतारे, सगळं एकदम कोरीव दिसतं, त्यात तक्रार काहीच नाही. पोरांना दाखवायला घ्यायची असेल तर इथेच थांबा, घ्या, पुढचं वाचायची गरज नाही.

पुढचं मोजणाऱ्यांसाठी.

आधी आकडा डोक्यात बसवा. १० जानेवारीला गुरू सूर्याच्या बरोब्बर समोर होता, आपल्यापासून ६३ कोटी किलोमीटरवर. तिथलं एक विकला म्हणजे साधारण ३००० किलोमीटर. आपला चंद्र आहे ना, तो उचलून तिथे ठेवला तर सव्वा विकलेपेक्षाही बारीक दिसेल. आयो, युरोपा, गॅनिमीड, कॅलिस्टो हे चौघेही विकला ते पावणेदोन विकलांच्या मधलेच. म्हणजे माझ्या दुर्बिणीत ते ठिपकेच, थोडे फुगीर. पण ठिपक्याचा मध्य हा ठिपक्याच्या आकारापेक्षा खूप बारीक सापडतो, हीच तर सगळी गंमत आहे, आणि पाचशे फ्रेमची सरासरी घेतली की हवेची थरथर बरीचशी आपापसात कापली जाते. आम्ही तरी काय वेगळं करतो, एकच रीडिंग फेस लेफ्ट घे, फेस राइट घे, सरासरी मार.

आता पहिला दणका. पट्टी.

मोजायचं तर एक पिक्सेल म्हणजे किती विकला हे माहीत पाहिजे. गणित सोपं आहे, २०६.२६५ गुणिले पिक्सेलचा मायक्रॉन भागिले फोकल लेंग्थ मिलिमीटरमध्ये. १५०० घातले की ०.३९९ येतं. मी पहिले तीन आठवडे हाच आकडा धरून चाललो आणि मापं अशी काही येत होती की कॅलिस्टो गणितापेक्षा पृथ्वीच्या व्यासाच्या जवळजवळ तिप्पट बाहेर पळालाय. मला वाटलं माझ्याकडून काहीतरी वेगळाच चंद्र मोजला जातोय, कुठला तरी तारा वगैरे. दोन रात्री तेच धरून बसलो.

मग एकदा धंद्याची अक्कल वापरली. नवीन टेप आणला तर आम्ही आधी तो माहीत असलेल्या अंतरावर ताणून बघतो, कंपनीने काय छापलंय त्यावर कोण विश्वास ठेवतो? आकाशातलं माहीत असलेलं अंतर म्हणजे पृथ्वीचं फिरणं. आकाशातल्या विषुववृत्तावरचा तारा सेकंदाला १५.०४ विकला सरकतो, त्यात लाच देऊन बदल होत नाही. मृगाच्या पोटातला बाण आहे ना, त्या तिघांतला सगळ्यात आधी उगवणारा तारा, मिंटाका, तो विषुववृत्ताला जवळजवळ चिकटूनच आहे. सड्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या जांभ्याच्या उघड्या माळावर, ट्रायपॉड लावला, मोटर बंद केली, कॅमेरा थोडा थोडा फिरवत आणला इतपत की तारा एकाच ओळीवरून डावीकडून उजवीकडे सरळ जातोय, आणि व्हिडिओ चालू. आत शिरला, बाहेर गेला. परत आणला. परत सोडला. दहा वेळा. रातकिड्यांशिवाय कुणी नाही, लांब मयेच्या बाजूला कुठेतरी नाटकाची तालीम चाललेली, पेटीवर तीच तीच ओळ, आणि मी स्क्रीनवर एक पांढरा ठिपका चालताना बघतोय. १५०० च्या हिशोबाने त्याला ५१.३ सेकंद लागायला हवे होते. लागत होते ४९.३. दर वेळी.

म्हणजे फोकल लेंग्थ १५०० नव्हे, १५६० च्या आसपास. कारण नंतर कळलं. ह्या जातीच्या दुर्बिणीत फोकस करताना आयपीस सरकत नाही, आतला मोठा आरसाच पुढेमागे सरकतो, आणि आरसा सरकला की फोकल लेंग्थही बदलते. मागे डायगोनल, म्हणजे प्रकाश काटकोनात वळवणारा आरसा लावला, कॅमेरा थोडा लांब बसला, की ती वाढते. चार टक्क्यांची चूक. पाच कला (साठ विकलांची एक कला) लांबच्या कॅलिस्टोवर चार टक्के म्हणजे १२ विकला, म्हणजे छत्तीस-सदतीस हजार किलोमीटर. पळालेला कॅलिस्टो जागेवर आला.

याचा राग येतो तो हा की माहितीपत्रकात कुठेही हे लिहिलेलं नाही. बघणाऱ्याला फरक पडत नाही, मान्य, पण एक ओळ टाकायला काय जातं. आता मी काय करतो, एकदा फोकस झाला की नॉबवर इन्सुलेशन टेप मारतो आणि दर रात्री सुरुवातीला आणि शेवटी मिंटाका चित्रातून सरकू देऊन पट्टी मोजतो. मृग मावळला तर दुसरा तारा, त्याच्या क्रांतीचा, म्हणजे विषुववृत्तापासून तो किती अंश वर-खाली आहे त्याचा, कोसाइन लावून. पंधरा मिनिटं जातात. नॉबला हात लागला की परत पहिल्यापासून. शिवाय नॉब उलटा फिरवला की चित्रच उडी मारून बाजूला जातं, आरसा कलतो म्हणून, त्यामुळे शेवटचं फिरवणं नेहमी एकाच दिशेने ठेवायचं.

दुसरी गोष्ट माउंट, आणि ही खास आपल्या गोव्याची अडचण आहे. ह्या मोसमात गुरू मिथुन राशीत, क्रांती उत्तर २२-२३ अंश. डिचोली साडेपंधरा अंशांवर. म्हणजे गुरू आपल्या डोक्यावरून फक्त सात अंश उत्तरेला सरकून जातो, युरोपातल्या लोकांना जळवणारी गोष्ट आहे, त्यांना तो इतका वर कधी मिळतच नाही. जितका वर तितकी मधली हवा कमी, वक्रीभवन कमी, चित्र स्थिर. वाटतं ना आपली लॉटरी लागली? माउंटला वाटत नाही. एका हाताचा माउंट उभा-आडवा फिरतो, आणि डोक्यावरच्या वस्तूमागे जाताना आडव्या मोटरला एकदम गरगर फिरावं लागतं. त्याहून वाईट म्हणजे कॅमेऱ्यातलं चित्र स्वतःभोवती फिरतं. मी हिशोब केला, गुरू अगदी डोक्यावरून जात असताना मिनिटाला जवळजवळ दोन अंश. दोन अंश! पाच कला लांबचा चंद्र एका मिनिटात दहा-अकरा विकला बाजूला सरकलेला दिसतो आणि तो सरकलेलाच नसतो. वरून कॅमेऱ्याची शेपटी माउंटच्या बुडाला आपटते, एकदा आपटलीही, कॅमेऱ्यावर ओरखडा आहे तो ह्याचाच.

तेव्हा डोक्यावर असताना दिशा मोजायच्या भानगडीत पडायचं नाही. दोन चंद्रांमधलं अंतर मोजायचं फक्त, चित्र कितीही फिरलं तरी अंतर तेवढंच राहतं, आणि व्हिडिओ वीस सेकंदांच्या वर घ्यायचा नाही. दिशा हवी असेल तर गुरू पन्नास-साठ अंशांवर असताना. हे सगळं विषुववृत्तीय माउंट, म्हणजे पृथ्वीच्या आसाला समांतर धरून फिरणारा, घेतला असता तर टळलं असतं, पण तो वजनदार, महाग, आणि माझी कंबर आधीच ट्रायपॉड वाहून गेलेली आहे.

कॅमेरा. ह्याबद्दल खरं तर मला चांगलंच लिहायचंय. आवाज कमी, फ्रेम भराभर, बावीस हजारात ह्यापेक्षा काय पाहिजे. अडचण कॅमेऱ्याची नाही, गुरूची आहे. गुरू चंद्रांपेक्षा हजारपट उजळ. चंद्र नीट दिसतील इतकं एक्स्पोजर दिलं की गुरू म्हणजे पांढरा लाडू, आणि त्या लाडवाची प्रभा बाजूला पसरते, जवळच्या चंद्राच्या ठिपक्याखाली एक उतार तयार होतो, मग मध्य काढताना तो गुरूकडे ओढला जातो. गुरूचा स्वतःचा मध्य काढणं तर विसराच, कडा धूसर, पट्टे वेडेवाकडे. म्हणून गुरूपासून मोजायचं नाही, चंद्रापासून चंद्र मोजायचा. नंतर कळलं की मोठमोठ्या वेधशाळांतूनही बरेचदा असंच करतात, तेव्हा मला जरा बरं वाटलं, म्हटलं आपण अगदीच गावठी नाही. आणखी एक, १२ कलांचं क्षेत्र आहे आणि कॅलिस्टो गुरूपासून दहा कलांपर्यंत जातो, त्यामुळे एक चंद्र ह्या टोकाला आणि दुसरा त्या टोकाला असला की एका फ्रेममध्ये येतच नाहीत. तेवढ्या रात्री सोडून द्यायच्या.

मध्य काढायचा प्रोग्रॅम माझ्या भाचीने लिहून दिला, फर्मागुढीला इंजिनिअरिंगला आहे, पायथॉनमध्ये एका रविवारात. गणिताच्या जागा नासाच्या जेपीएलच्या होरायझन्स सेवेतून घेतो, फुकट आहे, आपलं अक्षांश-रेखांश टाकायचं, आयोचा नंबर ५०१, युरोपा ५०२, गॅनिमीड ५०३, कॅलिस्टो ५०४, आणि मिनिटामिनिटाची जागा मिळते. प्रकाशाला यायला लागणारी पस्तीस मिनिटं वगैरे सगळं त्यात धरलेलं असतं. ह्या सेवेला पाचपैकी सहा.

आता घड्याळाचा किस्सा सांगतो कारण त्यातून मी जे शिकलो ते कुठल्याही रिव्ह्यूत नव्हतं. फेब्रुवारीत एका रात्री सगळं जमून आलं, पट्टी मोजलेली, हवा शांत, आठ व्हिडिओ. घरी आलो, भाचीने चालवलं, आणि गॅनिमीड-कॅलिस्टो अंतर गणिताशी सुंदर जुळतंय, पण आयो ज्या ज्या जोडीत आहे तिथे ०.२३ विकलेचा फरक, आणि आठही वेळा एकाच बाजूला. मी लगेच म्हटलं प्रभा, आयो गुरूच्या जवळ होता, ओढला गेला. ती काही बोलली नाही, कागदावर काहीतरी खरडत बसली. मग म्हणाली,

"मामा, प्रभेने गुरूकडे ओढला असता ना. हा उलट्या बाजूला गेलाय."

"मग?"

"लॅपटॉपचं घड्याळ कधी सेट केलेलं?"

"ते आपोआप होतं गो."

"नेट असलं तर होतं. सड्यावर तुला कुठलं नेट?"

फोनशी ताडून बघितलं, लॅपटॉप ४३ सेकंद पुढे. आयो सेकंदाला १७ किलोमीटर पळतो, आणि त्या वेळी तो गुरूच्या बिंबाच्या पुढून जायच्या बेतात होता म्हणजे आपल्या नजरेला पूर्ण आडवा पळत होता. ४३ सेकंदात साडेसातशे किलोमीटर. तेवढाच फरक, ०.२३. कॅलिस्टो एक तर सेकंदाला आठच किलोमीटर चालतो आणि त्या रात्री तो अगदी टोकाला होता, तिथे चंद्र आपल्या दिशेने किंवा आपल्यापासून लांब जात असतो, बाजूला जवळजवळ हलतच नाही, म्हणून त्याला घड्याळाची चूक लागलीच नाही. म्हणजे लॅपटॉपचं घड्याळ चुकलंय हे मला ६०-६५ कोटी किलोमीटरवरच्या चंद्राने सांगितलं. त्या रात्री मला झोप आली नाही, खरंच सांगतो. दुसऱ्या दिवशी जीपीएसचा छोटा यूएसबी रिसीव्हर मागवला. (त्याआधी एकदा भारतीय वेळ आणि जागतिक वेळ यात साडेपाच तासांचा घोळ घातलेला तो वेगळा, तो मोजत नाही मी.)

आणि मग लक्षात आलं की हे तर जुनंच आहे, उलट दिशेने. गॅलिलिओने हे चौघे जानेवारी १६१० मध्ये बघितले आणि थोड्याच वर्षांत लोकांना कळलं की हे आकाशातलं घड्याळ आहे, आयो गुरूच्या सावलीत कधी शिरला ते दोन गावांतून बघितलं की दोन्हीकडच्या स्थानिक वेळांतल्या फरकावरून रेखांश निघतो. कॅसिनी नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने १६६८ मध्ये ह्या वेळांचे तक्ते काढले, आणि १६८० च्या आसपास फ्रान्समध्ये हेच चंद्र वापरून किनाऱ्याची मोजणी झाली तर देशाचा पश्चिम किनारा नकाशावर चांगलाच आत सरकला. मोजणीवाल्याने राजाची जमीन कमी केली! आमच्याकडे चार मीटरने मेर सरकली तर कोर्टात जातात. त्याच तक्त्यांशी वेळा जुळेनात म्हणून रोमर नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने १६७६ मध्ये सांगितलं की चूक चंद्राची नाही, प्रकाशालाच यायला वेळ लागतो. म्हणजे कॅलिस्टो पळाला असं मला वाटलं तसंच लोकांना आयो पळालाय असं वाटत होतं, फक्त माझ्या वेळी निघाली फोकल लेंग्थ आणि त्यांच्या वेळी निघाला प्रकाशाचा वेग. असो, प्रत्येकाचं नशीब.

लोक विचारतात आता एवढी यानं जातात, जमिनीवरून मोजून काय मिळतं. यान जातं, काही वर्षं राहतं, संपतं. चंद्रांच्या कक्षा इतक्या सावकाश बदलतात की शंभर वर्षांची नोंद हातात पाहिजे. २००९ मध्ये फ्रान्सच्या लेनी आणि मंडळींनी १८९१ ते २००७ पर्यंतचे वेध एकत्र करून दाखवलं की आयो हळूहळू आत चाललाय आणि युरोपा, गॅनिमीड बाहेर, भरती-ओहोटीच्या ओढाताणीमुळे, तीच ओढाताण आयोला आतून तापवते आणि तिथे ज्वालामुखी पेटलेत. त्यात जुन्या काचेच्या प्लेट्स आहेत, कुणी कुणी रात्री जागून काढलेल्या. त्या ज्वालामुखींचाही शोध कसा लागला, १९७९ मध्ये व्हॉयेजर १ ने मागच्या ताऱ्यांवरून वाट तपासायला आयोचा एक फोटो काढला होता, लिंडा मोराबिटो त्यात मागचे तारे बघत होत्या आणि आयोच्या कडेला त्यांना धुराची छत्री दिसली. बघायचं होतं काय आणि दिसलं काय. आता युरोपा क्लिपर हे यान २०३० मध्ये आणि ज्यूस हे यान २०३१ मध्ये तिथे पोचणार, त्यांनाही चंद्र नेमका कुठे असेल ते आधी माहीत पाहिजेच.

माझी मापं त्यात कुठे बसतात? कुठेच नाही. चांगल्या रात्री माझा फरक ०.०८ विकलेच्या आसपास येतो, म्हणजे अडीचशे किलोमीटर. गोव्याच्या उत्तर-दक्षिण लांबीच्या दुपटीहून जास्त. पण सहा हजार कोटी सेंटिमीटरवर की काय तेवढ्या लांबच्या वस्तूची जागा मी डिचोलीच्या सड्यावरून पेडणे ते काणकोणच्या दोन-अडीच फेऱ्यांइतक्या चुकीने सांगू शकतो, ४२ अधिक २२ हजारात. (सेंटिमीटरचा आकडा भाची म्हणते साफ चुकला, शून्यं कमी पडली. असू दे.)

हवामानाचं बोलू. दुर्बीण विकणारे सगळे अंधाऱ्या आकाशाचं बोलतात. ह्या कामाला अंधार लागत नाही, गुरूचे चंद्र पणजीत मांडवीवरच्या कॅसिनोंच्या झगमगाटातूनही मोजता येतील. लागते ती शांत हवा. डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळी खारा वारा पडतो आणि रात्री मतलई सुरू होतो, त्या मधल्या तास-दीड तासात हवा अशी काही थांबते की कॅमेऱ्यात आयो गोल गोळी दिसते. तीच वेळ धरायची. मार्चपासून सड्याचा तापलेला जांभा रात्री अकरापर्यंत वाफ सोडत बसतो, तेव्हा सड्यापेक्षा घराच्या मागचं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग बरी, पण तिथे पोफळींमधून आकाश किती दिसणार, पानाच्या फटीएवढं.

आणि दव. ही पुढची जाड काच म्हणजे दवासाठी मांडलेलं ताट आहे. नऊ वाजता लावली, साडेनऊला काच पांढरी. चटईचा फोम कापून नळीला दीड फुटाची टोपी केली, आता बारापर्यंत निभावतं. बुरशीचं तर विचारूच नका, पुण्याच्या काकांकडे सहा वर्षं होती तिथे एक डाग नव्हता, आणि आपल्याकडे एका पावसाळ्यात चामड्याच्या चपलेला मिशा येतात. पूर्वी लोक कपाटात चाळीसचा बल्ब पेटवून ठेवायचे, आता एलईडी आले, ते गरमच होत नाहीत. मी पत्र्याच्या ट्रंकेत सिलिका जेलची दोन किलोची पिशवी आणि एक आर्द्रता दाखवणारं घड्याळ ठेवलंय, जेलचा रंग बदलला की कढईत भाजून परत. बायकोची कढई नाही, वेगळी आणली, तेवढी अक्कल आहे.

दुकानाचं सांगायचं राहिलं. कॅमेऱ्याबरोबर ॲडाप्टर मागवलेलं सव्वा इंची, आलं दोन इंची. फोन केला तर म्हणतात फोटो पाठवा, फोटो पाठवला तर म्हणतात बरोबरच आहे, मग कॅलिपर लावून त्याचा फोटो पाठवला, तेव्हा म्हणाले परत पाठवा, कुरिअर खर्च तुमचा. मोजणीवाल्याला माप शिकवतात. तीन आठवडे गेले, शेवटी पर्वरीच्या एका लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमची रिंग करून घेतली, साडेचारशे रुपये, एक तास, आणि दुकानातल्यापेक्षा घट्ट बसते. दुकानाला पाचपैकी एक, तोही पॅकिंग चांगलं होतं म्हणून.

शनीवर थोडं. टायटन सहज मिळतो, सोळा दिवसांत फेरी, सावकाश, नवशिक्याने खरं तर त्याच्यापासूनच सुरू करावं, घड्याळ अर्धा मिनिट चुकलं तरी तो माफ करतो. ऱ्हिया हवा चांगली असली तर. युरेनसचे टायटॅनिया आणि ओबेरॉन, ज्यांना हर्शेलने १७८७ मध्ये शोधलं, ते ह्या पाच इंचीत शोधायला गेलो, दोन रात्री फुकट. चौदाव्या प्रतीचे, म्हणजे फारच मंद आहेत, तिथे आपलं काम नाही, ते जुन्नरजवळच्या गिरवलीला आयुका ह्या पुण्याच्या संस्थेची दोन मीटरची दुर्बीण आहे तिच्यासाठी. मंगळाच्या फोबॉसचं नावही काढू नका.

घ्यावी का? बघायला साडेचार. मोजायला तीन, आणि तेही तुम्हाला पट्टी, घड्याळ, दव ह्या तिघांशी रोज रात्री भांडायची हौस असेल तरच. ज्यांना झटपट हवंय त्यांनी पट्टी-बिट्टी सोडून परस्पर ग्रहणांकडे वळावं. दर सहाएक वर्षांनी सूर्य आणि पृथ्वी गुरूच्या चंद्रांच्या पातळीत येतात आणि मग एक चंद्र दुसऱ्याला झाकतो किंवा त्याच्यावर सावली टाकतो. तेव्हा कोन मोजायचाच नाही, उजेड किती आणि किती वाजता कमी झाला एवढंच मोजायचं, आणि त्यावरून निघणारी जागा शंभर किलोमीटरच्या आत येते, माझ्यासारख्या दुर्बिणीतूनही उपयोगी नोंद होते, पॅरिसची संस्था त्या गोळा करते, आपल्याकडे तमिळनाडूतल्या कावलूरच्या वेधशाळेतून पूर्वीच्या मोसमांत असे वेध घेतलेले आहेत. २०२१ चा मोसम मला माहीतच नव्हता. आता २०२६-२७ चा आहे, आणि फोकल लेंग्थ १५०० असो की १५६०, त्याला काही फरक पडत नाही, म्हणून ह्या दुर्बिणीवरचा माझा अर्धा राग तिथे निघेल.

जुलैअखेर गुरू सूर्यामागे जातो, आपल्याकडेही तेव्हा धो-धो, त्यामुळे दोघांची सुट्टी एकदम. ट्रंक बंद केली आहे, चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी झाली की उघडणार, तेव्हा गुरू पहाटे दिसायला लागलेला असेल. आणि हो, ते दोन इंची ॲडाप्टर अजून माझ्याकडेच पडून आहे, नवंकोरं, कुणाच्या कॅमेऱ्याला बसत असेल तर सांगा, बाजाराच्या दिवशी डिचोलीत आलात की घेऊन जा, पैसे नकोत, सिलिका जेल आणलंत तर चालेल.